पुढचं चाक उचलतंय? बॅटरी करंट नाही, फेज करंट कमी करा

हर्णैच्या बंदरावरून माशांची पेटी घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक सायकलच्या कॅरिअरला बांधून आसूदचा चढ चढत होतो. वाटेत एसटीला जागा द्यायला थांबलो, पुन्हा मूठ पिळली आणि पुढचं चाक थेट छातीसमोर. मी गडग्याला टेकलो म्हणून वाचलो. बांगडे मात्र रस्त्यावर.

पेटी मागे, तिच्याखाली बारा किलोची बॅटरीही मागेच. ही माझी पहिली चूक. तुम्ही बसल्यावर वजनाचा मध्य मागच्या आसापुढे ५० सेंमी आणि जमिनीपासून १०० सेंमी असेल, तर मागच्या चाकाचा जोर एकूण वजनाच्या निम्मा झाला की पुढचं चाक जमीन सोडतं. बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात खाली आणली की दोन्ही आकडे सुधारतात.

दुसरी चूक जास्त जण करतात, मीही केली. कंट्रोलरच्या (बॅटरीतून मोटरला वीज सोडणाऱ्या डबीच्या) ॲपमध्ये बॅटरी करंट ४० वरून २५ अँपिअरवर आणला. चाक उचलायचं ते उचललंच, वर चढाला गाडी मरगळली ती वेगळीच. कारण सोपं आहे. चाक थांबलेलं असताना कंट्रोलर व्होल्टेज उतरवून मोटरला बॅटरीतून घेतो त्याच्या कितीतरी पट करंट देतो. मोटरला मिळणारा हा करंट म्हणजे फेज करंट, आणि टॉर्क (चाक फिरवणारा जोर) ठरतो तो त्यावर. बॅटरी करंटची मर्यादा आड येते ती वेग घेतल्यावर. म्हणून बॅटरी करंट पूर्ववत केला आणि फेज करंट १२० वरून दहा-दहाने उतरवत ८० अँपिअरवर थांबलो. त्याखाली गेलो तर पेटीसकट आसूद चढवेना. ॲपमध्ये थ्रॉटलचा (मुठीचा) जोर चढण्याचा वेगही कमी ठेवा, म्हणजे मूठ झटकन पिळली तरी जोर सावकाश येतो.

पिळायच्या मुठीचा एक जुना खोडसाळपणा आहे: चाक उचललं की माणूस मागे जातो, हात ताणला जातो आणि मूठ आणखी पिळली जाते. अंगठ्याचा थ्रॉटल बरा. चाक वर गेलंच तर मागचा ब्रेक दाबा, पुढचा त्या वेळी काही कामाचा नाही.

(२५० वॅट किंवा ताशी २५ किमी, यातल्या एकाच्याही वर गेलात तर नोंदणी लागते. घरी बनवलेल्या गाडीला ती मिळवणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून माझी आता आमच्या वाडीतल्या खासगी रस्त्यापुरतीच.)

सगळं जमवूनही गाडी अचानक उसळत असेल, तर थ्रॉटलचा कनेक्टर उघडा. खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट गंज धरतो. त्यातली ग्राउंडची वायर सुटली तर कंट्रोलरला मूठ पूर्ण पिळल्यासारखं वाटू शकतं. पिना घासून डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा आणि ब्रेकचा कटऑफ स्विच (ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा) स्टँडवर चाक फिरवून तपासा.