टोक्सोचा लांबचा प्रयोग लावताय? आधी कंट्रोल उंदीर बाजूला काढा

मागच्या खेपेला १२ आठवडे पाण्यात गेले म्हणून हे लिहून ठेवतोय. काम तसं साधं होतं, टोक्सोप्लाझ्मा गोंडी या परजीवीचा (टोक्सो) मुरलेला संसर्ग असलेल्या उंदरांच्या मेंदूत कुठल्या टी पेशी शिरल्यात आणि त्या कितपत थकल्यात ते फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींना रंगीत अँटीबॉडी लावून मशीनवर एकेक मोजणं) बघायचं.

परवानग्या, पिंजरे, खाणंपाणी हे कोणी विसरत नाही, सोडून देतो. फक्त एक, टीममध्ये कोणी गरोदर असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत असेल तर त्यांना या कामाच्या आसपासही ठेवू नका, भीड बाळगू नका. परजीवीचा स्ट्रेन (उपप्रकार) एमई४९ घ्या. आरएच घेतला तर जुनाट संसर्ग सोडाच, उंदीर पहिल्या दोन आठवड्यांतच जातात. उंदीर सी५७ब्लॅक६ जातीचे असतील तर मेंदूत सिस्ट (परजीवीच्या गाठी) भरपूर मिळतात, बाल्ब-सी मध्ये कमी, आणि दोन्ही एकाच प्रयोगात मिसळायचे नाहीत हे सांगायला लागू नये.

आता मुख्य गोष्ट. संसर्ग न केलेले, त्याच वयाचे, त्याच बॅचचे, त्याच लिंगाचे उंदीर पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवा. मी काय केलं, आलेले सगळे उंदीर संसर्गाला वापरले, म्हटलं कंट्रोल काय, शेवटी कॉलनीतून घेऊ. शेवटी मिळाले ते सात आठवड्यांचे, आणि माझे संसर्गवाले तोपर्यंत २० आठवड्यांचे झालेले. वय वाढलं की परजीवी असो नसो, सीडी४४ जास्त असलेल्या सीडी८ पेशी (आधी सक्रिय झालेल्यांसारख्या दिसणाऱ्या टी पेशी) आपोआप वाढत जातात. मग माझ्या प्लॉटमधला फरक टोक्सोचा की वयाचा? गाइडने हेच विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि कंट्रोल म्हणजे नुसतं पिंजऱ्यात बसवून ठेवणं नाही. संसर्गवाल्यांना सिस्ट जातात त्या दुसऱ्या उंदराच्या वाटलेल्या मेंदूतून, तर कंट्रोलला निरोगी उंदराचा वाटलेला मेंदू तेवढाच, त्याच दिवशी, तशाच गॅव्हेज सुईने, म्हणजे तोंडातून थेट पोटात द्यायच्या सुईने (पण वेगळी सुई, बाबांनो, नवीन!), द्यायचा. संख्याही हात राखून ठरवू नका. निरोगी मेंदूत टी पेशी इतक्या कमी असतात की दोन-तीन मेंदू एकत्र केल्याशिवाय आकडा बनत नाही, म्हणजे कंट्रोल उलट जास्तच लागतात. पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, हे कोणी उचलायचे नाहीत. माझ्या पुढच्या खेपेत एकाने ‘रिकामे पडलेत’ म्हणून दोन उचलले होतेच.

संसर्गानंतर दुसऱ्या आठवड्याच्या आसपास वजन उतरतं, रोज मोजा, किती उतरलं की थांबायचं हे आधीच ठरलेलं असू दे. मेलेला उंदीर लगेच काढा, बाकीचे त्याला कुरतडतात आणि सिस्ट तोंडावाटे परत पोटात जातात, डोसचा हिशोब बिघडतो. विष्ठेतून मात्र उंदराकडून उंदराला लागण होत नाही, ऊसिस्ट (विष्ठेतून पसरणारी परजीवीची अवस्था) फक्त मांजरकुळात तयार होतात, तेवढी भीती नको. महिन्याभरात रक्तात अँटीबॉडी आल्यात का बघा. न लागलेला उंदीर शेवटच्या दिवशी कळला तर रडून उपयोग नाही. आणि तो ‘न लागलेला’ कंट्रोलमध्ये ढकलायचाही नाही, त्याने डोस घेतलाय, कंट्रोल ते जे पहिल्या दिवशी काढले तेच.

कापायच्या दिवशी थंड पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) परफ्यूजन, म्हणजे रक्तवाहिन्यांतलं रक्त धुऊन काढणं, नीट करा, यकृत पांढुरकं पडेपर्यंत, नाहीतर रक्तातल्या पेशी मेंदूतल्या म्हणून मोजाल. अर्धा मेंदू सिस्ट मोजायला, अर्धा पेशींना. पर्कोल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करायचं द्रव) आधी आयसोटॉनिक (पेशींना सोसेल इतक्या क्षारांचं) करून घ्या, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद, मायलिनचा थर वरून नीट ओढून टाका.

स्टेनिंगला एफसी ब्लॉक (अँटीबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून), मेलेल्या पेशींचा रंग, एफएमओ (एक रंग वगळून बाकी सगळे लावलेला नमुना), झालं. मायक्रोग्लियात (मेंदूच्या स्वतःच्या प्रतिकार पेशी) सीडी४५ मध्यम, बाहेरून आलेल्यात जास्त, गेट (प्लॉटवरची निवडीची सीमा) तिथे लावा. इंटरफेरॉन गॅमा बघायचं तर ब्रेफेल्डिन (ते पेशीतच अडकवून ठेवणारं) विसरू नका, आणि पीएमए (पेशींना चेतवणारं रसायन) दिलं की सीडी४ पृष्ठभागावरून उतरतं, दचकू नका. पीडी-१ चं (थकलेल्या टी पेशींची खूण) गेट एफएमओवर ठरवा, पण ‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा जास्त हे त्याच वयाच्या कंट्रोलशिवाय सांगता येत नाही.

बाकी ट्यूबवर नावं, बर्फ, मशीनचं बुकिंग, ते तुमचं तुम्ही बघा. उंदरांची ऑर्डर टाकताना कंट्रोलचा आकडा आधी लिहा, संसर्गवाल्यांचा नंतर.