टर्कीच्या शिकारीत डिकॉयचं तोंड कुणीकडे ठेवावं?

अमेरिकेत वसंतातल्या टर्कीच्या हंगामात एक कोवळा नर आणि एक मादी अशी डिकॉयची, म्हणजे खऱ्या टर्की पक्ष्याला भुलवायला ठेवलेल्या नकली पक्ष्यांची, जोडी लावत असाल, तर त्या कोवळ्या नराचं तोंड आपल्याकडे करा. दबंग नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो आणि बहुतेक वेळा तो त्याच्या समोर जाऊन उभा राहतो. म्हणजे त्याची पाठ तुमच्याकडे येते, फुललेल्या पिसाऱ्यामुळे त्याला मागचं दिसत नाही आणि तेवढ्यात बंदूक सावरता येते. अंतर पंधरा-वीस यार्ड पुरे.

पिसारा फुलवलेल्या मोठ्या नराचा डिकॉय मात्र विचार करूनच लावा. दुय्यम नर, विशेषतः आधी मार खाल्लेले, तो पाहून लांबूनच काढता पाय घेतात. हंगाम सरत आला की नुसती मादी बरी.

आणि हे कृपा करून पाळाच: डिकॉय उघडा हातात धरून रानातून चालू नका, भडक नारिंगी पिशवीत न्या. बसताना खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेका. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, कारण नराचं डोकं याच रंगांचं असतं. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने आवाज द्या.