धोरण अपंग हक्क किती पाळतं, हे कसं तपासाल?

सगळं धोरण एकदम हातात घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातलं एक कलम निवडा, उदाहरणार्थ शिक्षणाचं कलम 24. मग पाहा: कायद्यात काय लिहिलंय, अंमलबजावणीसाठी माणसं, पैसा आणि मुदत ठरली आहे का, आणि शाळेत मुलं खरंच शिकताहेत का. पैशाबाबत मंजूर तरतूद नव्हे, झालेला खर्च धरा.

सर्वात जास्त गफलत आकड्यांत होते. ‘तुम्ही अपंग आहात का?’ असं विचारलं की अनेकजण संकोचाने नाही म्हणतात. त्याऐवजी वॉशिंग्टन ग्रुपचे (अपंगत्वाच्या आकडेवारीसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा गट) 6 प्रश्न विचारा, म्हणजे या गोष्टींत किती अडचण येते ते: पाहणं, ऐकणं, चालणं, आठवणं किंवा लक्ष देणं, स्वतःची काळजी घेणं, संवाद साधणं. एका जरी प्रश्नाला ‘खूप अडचण येते’ किंवा ‘अजिबात जमत नाही’ असं उत्तर आलं, तर त्या व्यक्तीची नोंद अपंग म्हणून करा. मनोसामाजिक अपंगत्व (मानसिक आजार किंवा त्रासातून येणारं) या प्रश्नांतून बरेचदा निसटतं, आणि निवासी संस्थांतली माणसं घरोघरच्या पाहणीत येतच नाहीत. त्यांच्यापर्यंत वेगळं पोहोचावंच लागतं.

अपंग आणि इतरांचे आकडे शेजारी मांडा, स्त्री-पुरुष आणि वयानुसार फोडून.

कराराच्या कलम 33 नुसार देखरेखीत अपंग व्यक्तींच्या संघटनांचा पूर्ण सहभाग हवा. त्यांना प्रश्नावली ठरवतानाच बोलवा. तयार मसुदा दाखवून सही घेणं म्हणजे सहभाग नव्हे.