मेपल सिरपला बुरशी? चूक उकळताना किंवा बाटली भरताना झालेली असते

मार्चमध्ये मेपलच्या झाडांना भोकं पाडून रस काढायचा, बादल्या वाहायच्या, धुरात डोळे चोळत दिवसभर चुलीपुढे उभं राहायचं, तेव्हा कुठे चार बाटल्या सिरप हाती लागतं. आणि जुलैत त्यातली एक काढावी तर वर बुरशीचा पांढुरका थर. दुसरीचं झाकण फिरवावं तर फस्सकन आवाज आणि आंबूस वास. कॅनडात ऑन्टॅरिओतल्या आमच्या परसात पहिल्या वर्षी हेच झालं. मी आधी बाटल्यांना बोल लावला, मग झाकणांना. चुकली होती माझी दोन बोटं.

गुलाबजामचा पाक बोटांवर जोखायची सवय. सिरपही थोडं चिकट लागलं आणि मी पातेलं उतरवलं. गुलाबजामचा पाक चार दिवसांत संपतो, म्हणून तिथे ते खपतं. सिरप वर्षभर टिकवायचं असतं.

मेपलच्या रसात साखर जेमतेम २ टक्के. म्हणून सुमारे ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप होतं. तयार सिरपमध्ये साखर ६६ ते ६७ टक्के हवी. त्याखाली राहिलं की यीस्टला आणि बुरशीला पुरेसं पाणी मिळतं. कोल्हापूरकडची काकवी पातळ राहिली की आंबते, तेच हे. उलट एकतारीची वाट बघत बसलात तर सिरप पुढे जातं आणि तळाशी खडीसाखर जमते. ती खायला वाईट नाही, पण तेवढं सिरप कमी झालं.

थर्मामीटर लावणारेही एका ठिकाणी फसतात. '१०४ अंशांना सिरप तयार' हे पाठ असतं, पण पाणी रोज १०० अंशांनाच उकळत नाही. हवेचा दाब आणि गावाची उंची यांनुसार तो आकडा हलतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने आधी साधं पाणी उकळून बघा आणि त्यात ४ अंश मिळवा. शेवटी तापमान भराभर चढतं, तेव्हा फोन उचलू नका. याहून भरवशाचा हायड्रोमीटर, म्हणजे सिरपचा दाटपणा मोजणारी तरंगती काचेची नळी. त्यावर गरम आणि गार सिरपसाठी वेगळ्या रेघा असतात. गार रेघेवर गरम सिरप मोजत बसाल, तर पातेल्यात खडेच उरतील.

दुसरी मोठी चूक बाटली भरताना होते. सिरप गाळेपर्यंत बरंच निवतं आणि आपण तसंच ओततो. भरताना ते ८२ ते ८५ अंश हवं, म्हणजे गाळल्यावर पुन्हा तापवणं आलं. फार उकळू मात्र नका, नाही तर गाळलेला गाळ नव्याने तयार होतो. बाटली गरम आणि कोरडी असावी, काठोकाठ भरावी, झाकण घट्ट लावून थोडा वेळ आडवी ठेवावी, म्हणजे गळा आणि झाकण आतून भाजून निघतं. वर जागा रिकामी राहिली की निवताना तिथे वाफेचं पाणी होतं. ते थेंब वरच्या थरात उतरतात, तेवढाच थर पातळ होतो आणि बुरशी नेमकी तिथेच धरते.

रस शिळा करू नका. रस म्हणजे जवळपास दूधच समजा: थंड ठेवा, शक्य तितक्या लवकर उकळा. उन्हात राहून गढूळ झालेल्या रसाचं सिरप काळपट होतं, कधी तर जंतूंमुळे शेंबडासारखी तार धरतं. झाडाच्या कळ्या फुगल्यावर काढलेल्या रसाला विचित्र वास येतो आणि तो कितीही आटवलं तरी जात नाही. हंगाम संपला, बादल्या उतरवा.

फेस उतू जाऊ नये म्हणून लोण्याचा एक थेंब पुरतो. सढळ हाताने टाकलं तर पुढे खवट वास येतो. गाळायचं जाड फडकं साबणाने धुऊ नका, सिरपला साबण लागतो. नुसत्या गरम पाण्याने धुऊन खडखडीत वाळवा.

तळाशी बारीक रेतीसारखा गाळ दिसला तर घाबरायचं कारण नाही. ती रसातली खनिजं आहेत. वरचं सिरप निथळून घ्या. प्लॅस्टिकच्या डब्यातलं सिरप काही महिन्यांत गडद होतं, तेही नासणं नव्हे.

बुरशी आली तर? जुने लोक ती काढून सिरप पुन्हा उकळतात. मी बाटलीच ओतून देते, आंबलेलीही. जीव तुटतो, कबूल. पण बुरशी फक्त वरच दिसते म्हणून ती वरच असते असं नाही.

उघडलेली बाटली फ्रिजमध्येच. जास्त उरलं असेल तर फ्रीजरमध्ये टाका. नीट आटवलेलं सिरप तिथे दगड होत नाही, नुसतं घट्ट होतं.