जहाजांच्या एआयएस नोंदींवर संशोधन कसे सुरू करावे

सागरी संशोधनात डेटा सायंटिस्ट म्हणून काम करू इच्छिणाऱ्याने मॉडेल निवडण्याची घाई करू नये. हाती आलेल्या नोंदीतला कोणता आकडा यंत्राने भरला आहे आणि कोणता माणसाने, हे आधी नीट समजून घ्यावे. एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि हालचाल रेडिओवरून आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेत, जहाजाचे स्थान आणि वेग उपग्रहाधारित यंत्राकडून येतात आणि जहाज चालू असताना, वेगानुसार, दर २ ते १० सेकंदांनी प्रक्षेपित होतात. पुढचे बंदर कोणते आणि जहाज चालू आहे की नांगरावर, ही माहिती मात्र जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो, आणि बरेचदा बदलायची विसरतो.

सरावासाठी डेन्मार्कच्या सागरी प्राधिकरणाच्या किंवा अमेरिकेतील 'मरीन कॅडस्टर'च्या नोंदी मोफत मिळतात. साफसफाई करताना अक्षांश ९१, रेखांश १८१, वेग १०२.३ नॉट (ताशी सागरी मैल) आणि शीर्षदिशा (जहाजाच्या नाळेची दिशा) ५११ हे आकडे प्रथम वगळावेत, कारण त्यांचा अर्थ 'माहिती उपलब्ध नाही' एवढाच असतो. ते राहून गेले, तर सरासरी वेग हास्यास्पद निघतो. जहाजाची ओळख पटवण्यासाठी केवळ नऊ अंकी एमएमएसआय, म्हणजे जहाजाच्या रेडिओ-ओळखीच्या क्रमांकावर विसंबू नये, कारण ध्वज बदलला की तोही बदलतो (भारतीय जहाजांचा ४१९ ने सुरू होतो). आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या योजनेतील सात अंकी आयएमओ क्रमांक कायम राहतो आणि त्याची पडताळणीही करता येते. उदाहरणार्थ, ९०७४७२९ या क्रमांकातील पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज केल्यास १३९ येते, आणि तिचा शेवटचा अंक ९ हाच सातवा अंक आहे.

आता मुंबई किंवा न्हावा शेवा बंदराबाहेर जहाजे किती काळ थांबतात, हा प्रश्न घेऊ. येथे हाताने भरलेल्या स्थितीवर भिस्त ठेवू नये. नांगरतळाची हद्द नकाशावर आखून, तिच्या आत सलग काही तास एक नॉटपेक्षा कमी वेगाने असलेली जहाजे शोधावीत. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर जहाज नांगराभोवती फिरते आणि त्याच्या मार्गाचा कंस उमटतो. तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वेगाची मर्यादा ठरवू नये. वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, म्हणून भरतीच्या स्थानिक तक्त्याशी जुळवताना साडेपाच तास मिळवावेत.

नोंदींमध्ये खंड दिसला की जहाजाने एआयएस यंत्र मुद्दाम बंद केले, असा निष्कर्ष नवखे संशोधक लगेच काढतात. संदेश टिपणाऱ्या किनाऱ्यावरील केंद्राचा पल्ला संपणे किंवा गजबजलेल्या पाण्यात उपग्रहापर्यंत पोहोचणारे संदेश एकमेकांत मिसळणे, ही कारणे आधी तपासावीत. उलट, अशक्य वेगाची उडी दिसली, तर दोन जहाजे एकच क्रमांक वापरत असतील किंवा स्थानसंकेतच फसवा असेल: जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील काही जहाजांची स्थाने चक्क रशियातील गेलेंजिक विमानतळावर दिसली होती.

मॉडेलची वेळ येईल तेव्हा नोंदी ओळीनिहाय विभागू नयेत. एकाच जहाजाच्या लागोपाठच्या ओळी प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्ही संचांत गेल्या, तर अचूकता फसवी निघते. म्हणून विभागणी जहाजनिहाय करावी. कोकण किनाऱ्यासाठी ऋतूही जपावा, कारण जून-जुलैच्या मासेमारीबंदीतील नोंदींवर शिकलेल्या मॉडेलला ऑगस्टनंतर समुद्रात उतरणाऱ्या नौकांची वर्दळ अनोळखीच असते, आणि त्यांतील कित्येक छोट्या नौकांवर तर एआयएस यंत्रच नसते.