राणीछाप रुपया तपासताना: आधी चुंबक, मग कान

लक्ष्मीपूजनाच्या ताटात वर्षातून एकदा मांडले जाणारे आणि एरवी देव्हाऱ्यातल्या डबीत पडून असणारे जुने रुपये चांदीचे आहेत की नाहीत, हा प्रश्न बहुधा वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी उभा राहतो. नाण्याला ओरखडाही न पाडता ते घरच्या घरी तपासण्याचे दोन सोपे मार्ग म्हणजे चुंबक आणि आवाज. मात्र हे दोन्ही मार्ग खोटे नाणे बाजूला काढण्यासाठी आहेत, नाणे खरे असल्याचा दाखला त्यांतून मिळत नाही, एवढे सुरुवातीलाच लक्षात ठेवावे.

चुंबक हाती घेण्यापूर्वी नाण्यावरचे वर्ष वाचावे. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या छापाचे रुपये ९१.७ टक्के चांदीचे असून त्यांचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, सहाव्या जॉर्जच्या रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आणण्यात आली आणि उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त आले. १९४७ चे रुपये तर शुद्ध निकेलचे आहेत.

या शेवटच्या नाण्यांनी अनेक घरांत घोटाळा केला आहे. आमच्या डबीतला मागच्या बाजूला वाघ असलेला १९४७ चा रुपया चुंबकाला टपकन चिकटला, तेव्हा आजीच्या काळात कोणीतरी फसवल्याची चर्चा घरात दोन दिवस चालली होती. वास्तविक निकेल हा लोखंडासारखाच चुंबकाकडे ओढला जाणारा धातू असल्यामुळे ते नाणे अगदी अस्सल होते. ते फक्त चांदीचे नव्हते. याउलट १९३९ किंवा त्याआधीचे वर्ष असलेला रुपया चुंबकाला चिकटला, तर मात्र त्यात लोखंड किंवा निकेल आहे, असे समजून तो बाजूला ठेवावा. चिकटला नाही, म्हणून हुरळूनही जाऊ नये, कारण तांबे, पितळ, शिसे आणि जर्मन सिल्व्हर (तांबे, निकेल व जस्ताचे बिनचांदीचे मिश्रण) हे नकली नाण्यांचे नेहमीचे धातूही चुंबकाला चिकटत नाहीत.

चुंबकाकडून याहून बारीक काम करून घेता येते. निओडिमियमची छोटी गोल चुंबके पोलादी पट्टीवर एका ओळीत, एकाआड एक उलटी अशी बसवावीत, वर पातळ गुळगुळीत पुठ्ठा लावावा आणि पट्टी सुमारे ४५ अंशांत तिरकी धरून नाणे वरून सोडावे. चांदी ही विजेची सर्वांत उत्तम वाहक असल्याने चुंबकांवरून घसरताना तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते नाण्याची गती रोखतात. चांगला रुपया कोणी मागून धरून ठेवल्यासारखा सावकाश उतरतो, तर जर्मन सिल्व्हरचा तुकडा सरकन खाली येतो. चांदीचा मुलामा दिलेले तांबे मात्र जवळजवळ तितकेच रेंगाळते, हा या परीक्षेचा दुबळेपणा आहे. ही चुंबके लहान मुलांच्या आणि पेसमेकर बसवलेल्या माणसांच्या आसपास आणू नयेत.

आता आवाज. ‘रुपया वाजवून घेणे’ हा आपल्या भाषेतला प्रयोग उगाच रूढ झालेला नाही, पण पूर्वीसारखा रुपया दगडी फरशीवर आपटू नये. कडेला खळी पडली, तर संग्राहक त्याची किंमत लगेच कमी करतो. नाण्याला हळदकुंकवाचा थर असेल, तर ते कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्यावे आणि चमकवण्याच्या भानगडीत पडू नये. मग ते मधल्या बोटाच्या टोकावर आडवे तोलून त्याच्या कडेला लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी द्यावी. टिचकी बसल्यावर नाण्याच्या कडा कंप पावतात आणि मध्य जवळजवळ स्थिर राहतो, म्हणून आधार मध्यालाच असावा. चिमटीत कड पकडून वाजवल्यास उत्तम रुपयाही मुका होतो.

चांदीचा रुपया खणखणीत वाजतो आणि नाद बारीक होत काही क्षण कानात राहतो, तर शिशाचा किंवा कथिलाचा रुपया बद्द आवाज करून गप्प होतो. यांच्या मधल्या छटा नुसत्या आठवणीवर ओळखता येत नाहीत. त्यामुळे त्याच राजाच्या छापाचे, त्याच आकाराचे एक खात्रीचे नाणे शेजारी ठेवून दोन्ही आलटून पालटून वाजवावीत. मोबाईलवर आवाजाची कंपनसंख्या दाखवणारे ॲप असेल, तर आकडेही ताडून पाहावेत. रुपयाची तुलना अधेलीशी, म्हणजे अर्ध्या रुपयाच्या नाण्याशी, किंवा हल्लीच्या शुद्ध चांदीच्या लक्ष्मीछाप नाण्याशी करू नये, कारण व्यास, जाडी आणि मिश्रण बदलले की सूर बदलतो. बद्द वाजणारे प्रत्येक नाणे खोटेच असते असेही नाही: माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेला किंवा आत बारीक चीर गेलेला अस्सल रुपयाही नीट वाजत नाही. उलट जर्मन सिल्व्हर चांगले वाजते आणि पुष्कळांना फसवते.

चुंबक आणि कान या दोघांनाही चकवणारे नाणे बहुधा तराजूवर सापडते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर आधी नाण्याचे वजन करावे. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला वा काठाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावे. काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने आधी घेतलेल्या वजनाला भागले की घनता मिळते. झीज न झालेल्या ९१.७ टक्के चांदीच्या रुपयासाठी हा आकडा १.१३ च्या आसपास आणि घनता सुमारे १०.३ येते, तांब्याची घनता ८.९६ असून जर्मन सिल्व्हरची त्याहूनही थोडी कमी असते. झिजलेल्या रुपयाचे वजन घटले, तरी घनता तीच राहते. सराफाकडचे यंत्र नाण्याचा फक्त वरचा थर वाचते, त्यामुळे जाड मुलाम्याचे नाणे तिथून सुटू शकते. या पेल्यातून मात्र ते सहसा सुटत नाही.