यूव्ही-व्हिसिबलच्या रीडिंगवरून संहती: लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये कॅलिब्रेशनची रेषा

स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र. त्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर कॅलिब्रेशनची रेषाही काढतं आणि नमुन्याची संहती, म्हणजे द्रावणात पदार्थ किती आहे, हे उत्तरही देतं. मात्र कोणता बिंदू धरला, कोणता गाळला आणि रेषा शून्यातून ओढून नेली का, हे त्यात चटकन दिसत नाही. लिब्रेऑफिस कॅल्कसारख्या स्प्रेडशीटमध्ये हे सगळं डोळ्यांसमोर राहतं. इथे उदाहरणाला पोटॅशियम परमँगनेट घेतलंय: १० ते ५० मिग्रॅ प्रति लिटरची पाच स्टँडर्ड (संहती आधीच माहीत असलेली) द्रावणं, १ सेंमीचा क्युवेट (द्रावण धरणारं पारदर्शक पात्र), ४०० ते ७०० नॅनोमीटर स्कॅन.

यंत्रातून फाइल सीएसव्ही स्वरूपात काढा आणि मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत उघडा. कॅल्क ‘टेक्स्ट इम्पोर्ट’ची खिडकी दाखवतं, तिथे घाईने ओके दाबू नका. फाइलच्या सुरुवातीच्या ओळींत यंत्राची माहिती असते, म्हणून ‘फ्रॉम रो’मध्ये आकडे सुरू होतात त्या ओळीचा क्रमांक द्या. दशांशासाठी स्वल्पविराम वापरलेला असेल (०,१५२ असा), तर भाषेच्या यादीतून जर्मनसारखी तशी पद्धत असलेली भाषा निवडा. नमुन्यांची नावं ‘३-१’ अशी असतील, तर त्या कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवा, नाहीतर नावाची तारीख होऊन बसू शकते. फाइल उघडली की कंट्रोल-एफ८ दाबा. आकडे निळे आणि मजकूर काळा दिसतो. अ‍ॅब्सॉर्बन्सच्या (किती प्रकाश शोषला गेला त्या आकड्याच्या) कॉलममध्ये काळं काही दिसलं, तर तो आकडा कॅल्कच्या लेखी आकडा नाही, आणि बेरजेत तो गुपचूप गाळला जातो.

आता तरंगलांबी. परमँगनेटला ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरच्या आसपास दोन शिखरं असतात आणि त्यांच्या उंचीत फारसा फरक नसतो. प्रत्येक फाइलमधून ‘मॅक्स’ने सर्वांत मोठा आकडा उचलला, तर पातळ द्रावणात जरासा नॉइजही (रीडिंगमधली आपोआप होणारी थरथर) दुसऱ्या शिखरावर नेऊन ठेवतो. म्हणून ५२५ ठरवा आणि सगळ्या स्टँडर्डना व नमुन्यांना तीच ओळ वापरा.

त्याआधी ७०० च्या बाजूचा भाग पाहा. तिथे परमँगनेट जवळजवळ काहीच शोषत नाही, त्यामुळे रीडिंग शून्याला टेकलेलं हवं. सगळा आलेख सारखाच ०.०१ ने वर उचललेला असेल, तर ६८० ते ७०० ची सरासरी वजा केली की काम होतं. पण डावीकडे जाताना ही उचल वाढत असेल, तर द्रावणात मँगनीज डायऑक्साइडचे तपकिरी कण झालेले असण्याची दाट शक्यता आहे. प्रकाश विखुरतोय, आणि ठरावीक आकडा वजा करून ते सुटत नाही. द्रावण नव्याने करा.

पाच स्टँडर्डची रीडिंग अशी धरू: ०.१५२, ०.३०४, ०.४५६, ०.६०७, ०.७५९. पहिल्या कॉलममध्ये संहती, दुसऱ्यात अ‍ॅब्सॉर्बन्स. आलेख ‘एक्सवाय स्कॅटर’च हवा, ‘लाइन’ प्रकार संहतीकडे न बघता बिंदू सारख्या अंतरावर मांडतो. उतारासाठी ‘स्लोप’ आणि छेदासाठी (रेषा वाय-अक्षाला जिथे छेदते तो आकडा) ‘इंटरसेप्ट’ वापरा, आलेखावर छापलेलं समीकरण उतरवून घेऊ नका, कारण त्यातले आकडे थोड्याच दशांशांपर्यंत गोल केलेले असतात. दोन्ही फंक्शनमध्ये आधी वाय म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स आणि मग एक्स द्यायचा. इथे उतार ०.०१५१७ आणि छेद ०.०००५ येतो. उतार ६६ च्या आसपास आला, तर क्रम उलटा झालाय. आर-स्क्वेअर (बिंदू रेषेला किती जुळतात ते सांगणारा आकडा) ही चूक पकडत नाही; अदलाबदल केली तरी तो तेवढाच राहतो.

आर-स्क्वेअरवर फार विसंबूच नये. याच संचात १०० मिग्रॅचं सहावं द्रावण घाला आणि भटक्या प्रकाशामुळे (यंत्रात नको तिथून डिटेक्टरवर पोचणाऱ्या) त्याचं रीडिंग १.५२ ऐवजी १.४४ आलं असं समजा. आर-स्क्वेअर तरीही ०.९९९! पण उतार ०.०१४२८ वर घसरतो, छेद ०.०२४६ वर चढतो, आणि त्या रेषेवरून १० मिग्रॅच्या स्टँडर्डची संहती परत काढली तर ८.९ येते. म्हणजे ११ टक्के चूक, तीही आपणच बनवलेल्या द्रावणात.

म्हणून तिसऱ्या कॉलममध्ये प्रत्येक बिंदूचा अवशेष काढा: प्रत्यक्ष रीडिंग वजा रेषेवरचं रीडिंग. वरच्या सहा बिंदूंचे अवशेष −०.०१५, −०.००६, ०.००३, ०.०११, ०.०२०, −०.०१३ असे निघतात. उणे, मग अधिक, मग पुन्हा उणे, हे वाकलेल्या रेषेचं लक्षण. अवशेष शून्याच्या वरखाली विस्कळीत पडले, तरच सरळ रेषा चालवा. वाकलेली दिसली, तर वरचं स्टँडर्ड काढून टाका आणि ते काढल्याची नोंद ठेवा. शक्यतो सगळी रीडिंग ०.१ ते १ च्या दरम्यान राहतील अशीच द्रावणं बनवा.

नमुन्याचं रीडिंग ०.४१२ आलं तर त्यातून छेद वजा करून उताराने भागा: २७.१ मिग्रॅ प्रति लिटर. नमुना ५ मिलि घेऊन १०० मिलिपर्यंत पातळ केला असेल तर २० ने गुणा, म्हणजे सुमारे ५४३. हा २० सूत्रात घुसवू नका, वेगळ्या सेलमध्ये ठेवा. डायल्युशन (पातळ केल्याचा हिशेब) विसरणं ही या कामातली नेहमीची चूक आहे. आणि सूत्र खाली ओढण्याआधी उतार, छेद यांच्या सेलना डॉलरची खूण लावा, नाहीतर दुसऱ्याच ओळीपासून ते रिकाम्या सेलकडे बघू लागतं.

शोधमर्यादा (ओळखता येणारी सर्वांत कमी संहती) हवी असेल तर एसटीईवायएक्स (बिंदू रेषेपासून किती विखुरलेत ते सांगणाऱ्या) फंक्शनचं उत्तर ३.३ ने गुणून उताराने भागतात. पण सर्वांत खालचं स्टँडर्ड १० मिग्रॅ असताना ०.१ मिग्रॅची मर्यादा लिहिणं म्हणजे निव्वळ अंदाज; त्या भागात दोन-तीन पातळ द्रावणं मोजा, मगच तो आकडा अहवालात घाला.